मळायचाच नाही असा ब्रेड: घरच्या घरी आयरिश सोडा ब्रेड

कणीक नीट तिंबली नाही तर पोळी वातड होते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. आई तेलाचा हात लावून मुठीने कणीक रगडायची, परात जमिनीवर सरकायची, आणि त्या सरकण्याच्या आवाजावरून आज पोळ्या कशा होणार ते कळायचं. हा संस्कार घेऊन मी नोकरीसाठी आयर्लंडला, कॉर्क काउंटीतल्या एका गावात राहायला गेलो आणि पहिल्याच महिन्यात सोडा ब्रेड करायला घेतला. चांगलं दहा मिनिटं मळलं. ओव्हनमधून जे निघालं ते दाराला अडसर म्हणून चाललं असतं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण बाई राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि विचारलं, "किती वेळ हात लावलास ह्याला?" मी अभिमानाने दहा मिनिटं सांगितली. "दहा सेकंद पुरे होती," एवढंच म्हणून त्या खाली गेल्या. पुढच्या शनिवारी मात्र पिठाचा डबा घेऊन स्वतःहून वर आल्या.

त्या शनिवारी जे शिकलो ते आणि नंतर पुण्यात परतल्यावर आपला मैदा, आपलं ताक आणि छोटा ओटीजी ह्यांच्याशी झटापट करून जे उमगलं ते इथे लिहितोय. कृती सोपी आहे, अर्ध्या पानात मावेल. ज्याचे हात पोळीवर तयार झालेत त्याला ती अवघड जाते, म्हणून लेख लांबला.

हा ब्रेड असा का आहे

पीठ, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक. एवढंच. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही, लोणीसुद्धा पिठात नाही, ते नंतर वर लावायचं.

आयर्लंडची हवा गार आणि दमट. तिथे पिकतो तो गहू मऊ, प्रथिनं कमी असलेला. यीस्टच्या ब्रेडला पिठात चिवट ग्लुटेन, म्हणजे गव्हातल्या प्रथिनांचं जाळं लागतं, कारण यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडतं आणि तो वायू धरून ठेवायला जाळं भक्कम हवं. मऊ गव्हाच्या पिठात ते बळ नसतं. सोड्याचं काम वेगळं आहे. ताकातलं आम्ल भेटलं की तो लगेच फसफसतो, आणि ओव्हनच्या आचेवर पीठ काही मिनिटांत फुगून तसंच पक्कं होतं. जाळ्याला तासभर तग धरायची गरजच नाही. त्यामुळे १८३० च्या दशकात सोडा मिळू लागल्यावर गाय असलेल्या प्रत्येक आयरिश घराला रोजचा ब्रेड घरीच करता येऊ लागला. ताक घरचं, पीठ घरचं, विकत आणायचा तो चिमूटभर सोडा. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवायचे, त्यातलाच हा प्रकार: जे हाताशी आहे त्याने फुगवायचं.

ह्या ब्रेडची एक फार जुनी छापील कृती १८३६ सालची आहे. न्यूरी गावच्या 'न्यूरी टेलिग्राफ' ह्या वर्तमानपत्रात एका वाचकाने ती दिली आणि लंडनच्या एका शेतीविषयक मासिकाने ती पुन्हा छापली. दीड पौंड जाडसर गव्हाचं पीठ, दोन छोटे चमचे मीठ, एक छोटा चमचा भरून सोडा आणि चांगलं आंबट ताक. पीठ हातात धरता येईल इतपतच घट्ट ठेवा, जितकं मऊ तितकं चांगलं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. मग इंचभर जाडीची चकती करून झाकणाच्या भांड्यात ठेवायची, वीस मिनिटं खालून मध्यम आच द्यायची आणि नंतर झाकणावर रसरशीत निखारे ठेवून आणखी अर्धा तास भाजायचं.

झाकणावर निखारे म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला धोंडस आठवेल. काकडीचं धोंडस आपल्याकडेही असंच, खाली-वर विस्तव ठेवून भाजलं जायचं. आयर्लंडमध्ये ह्या भांड्याला बॅस्टिबल म्हणतात: बिडाचं, तीन बुटक्या पायांचं, कडीचं, घट्ट झाकणाचं. चुलाणावर ते लोखंडी आकड्याला टांगायचे. जळण म्हणून दलदलीतून कापून वाळवलेली पीटची ढेपळं. आमच्या बाईंच्या अंगणात त्यांच्या आईचं बॅस्टिबल होतं, त्यात आता जिरॅनियम लावलेलं होतं.

नावांचा घोळ आधीच मिटवतो. दक्षिणेत पांढऱ्या पिठाचा तो सोडा ब्रेड आणि जाड्या पिठाचा तो ब्राउन ब्रेड. उत्तर आयर्लंडमध्ये त्याच ब्राउनला व्हीटन म्हणतात, आणि 'सोडा' म्हटलं की तव्यावर भाजलेले चपटे त्रिकोणी तुकडे, म्हणजे फार्ल, पुढ्यात येतात. बेदाणे घातले की स्पॉटेड डॉग. अंडी, साखर, भरपूर लोणी आणि शहाजिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे घातलेला गोड केकसारखा प्रकार अमेरिकेत १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी खातात. चवीला छान लागतो. बाईंसमोर मात्र मी त्याचं नाव काढलं नसतं.

साहित्य

एका मध्यम ब्रेडसाठी, म्हणजे चार माणसांच्या नाश्त्याला पुरेल इतकं:

मैदा ४५० ग्रॅम (मेजरिंग कपाने साधारण साडेतीन)
खायचा सोडा १ छोटा चमचा, सपाट
मीठ १ छोटा चमचा
आंबट, दाट ताक ३५० ते ४०० मिली

ब्राउन ब्रेडसाठी निम्मा मैदा, निम्मं जाडं गव्हाचं पीठ आणि ताक ४०० ते ४२५ मिली. घरातला ओटीजी अगदी लहान असेल तर सगळं निम्मं करा आणि भाजायची वेळ पस्तीस मिनिटांच्या आसपास धरा.

ताक: इथे घाई करू नका

चारांपैकी चव ठरवणारी वस्तू ही. आणि इथे आपण मराठी माणसं खरं तर फायद्यात आहोत. जुन्या आयरिश शेतघरांत साय साठवून आंबवायची, ती घुसळून लोणी काढायचं आणि खाली उरेल ते बटरमिल्क. म्हणजे आपलं लोण्याखालचं ताकच की. आज तिथल्या दुकानात बटरमिल्क म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून केलेलं असतं, त्यात घुसळणं वगैरे काही नसतं.

फरक एकच, पण मोठा. आपण घुसळताना सढळ हाताने पाणी घालतो, त्यामुळे आपलं ताक पातळ आणि आम्लाने कमी. असं ताक घातलंत तर पीठ लगेच सैल होतं, पण सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही. ब्रेड बसका होतो आणि तोंडात साबणासारखी चव रेंगाळते. म्हणून मी दह्यापासूनच करतो: ३०० ग्रॅम दही, १०० मिली पाणी, रवीने दोन मिनिटं. धार दाट पडली पाहिजे, पण पडली पाहिजे.

आंबटपणा किती? कढीला घ्याल तितका. ताज्या गोड दह्याचा उपयोग नाही. फ्रिजमध्ये चार दिवस मागे पडलेलं, घरातलं कोणी भाताबरोबर घ्यायला तयार नसलेलं दही ह्या कामाला उत्तम. दही गोडच असेल आणि आजच ब्रेड करायचा असेल तर चमचाभर लिंबाचा रस (मोठा चमचा) त्यात घुसळा. दही मुळीच नसेल तर ४०० मिली दुधात दीड मोठा चमचा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवतात. त्याने ब्रेड फुगतो, पण चव सपक राहते. पिशवीतलं मसाला ताक चुकूनही नको. मी एकदा घाईत जिऱ्याचं वापरलं. ब्रेड वाईट झाला नाही, पण तो आयरिश राहिला नाही.

पीठ

पांढऱ्या ब्रेडला आपला साधा मैदा चालतो. 'ब्रेड फ्लोअर' असं लिहिलेलं महागडं पीठ आणू नका. ते यीस्टच्या ब्रेडसाठी असतं, त्यात ग्लुटेन जास्त असतं, आणि इथे नेमकं तेच नको आहे.

ब्राउन ब्रेडचं गणित थोडं अवघड. आयरिश जाडं पीठ म्हणजे अक्षरशः जाडं, त्यात कोंड्याच्या पापड्या दिसतात. आपली कणीक बारीक दळलेली आणि पाणी पिणारी, ती एकटीच वापरली की ब्रेड दडस होतो. मी दोन उपाय केले आणि दोन्ही जमले. पहिला: मैदा २२५ ग्रॅम, कणीक १२५ ग्रॅम, बारीक लापशी रवा ५० ग्रॅम आणि गव्हाचा कोंडा ५० ग्रॅम. लापशी रवा आधी थोड्या ताकात पंधरा मिनिटं भिजवून ठेवा (मोजलेल्या ताकातलंच घ्या), नाहीतर दाताखाली कचकचतो. दुसरा उपाय मला जास्त आवडला: खपली गहू गिरणीवाल्याकडून जाडसर दळून आणायचा आणि मैद्यात निम्मा मिसळायचा. खपलीचं ग्लुटेन मुळातच दुबळं असतं, त्यामुळे तो इथे अगदी स्वभावाने बसतो. गिरणीवाल्याला 'भाकरीच्या पिठापेक्षा जाड, रव्यापेक्षा बारीक' असं सांगितलं की कळतं.

सोडा

आयर्लंडमध्ये ह्याला ब्रेड सोडाच म्हणतात. आपला खायचा सोडा तोच. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं. इनोचंही तसंच. दोन्ही नकोत.

सोडा ताजा आहे का ते बघायला चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला तर ठीक. मापाचा चमचा भरा आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग पाडा. शिगोशीग चमचा घालू नका. "थोडा जास्त घातला तर जास्त फुगेल" ह्या मोहात मी एकदा सापडलो होतो. ब्रेड आतून पिवळसर झाला, वरून वेळेआधी काळपट, आणि चव कपड्याच्या साबणासारखी. सोड्याच्या गाठीही अशाच घात करतात. गाठ पिठात तशीच राहिली की कापल्यावर तिथे पिवळा ठिपका दिसतो, आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला कळतो. बाई सोडा तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडायच्या आणि मग चाळणीत टाकायच्या.

आता कृती

सर्वांत आधी ओव्हन लावा. २३० अंश सेल्सिअस, वरखाली दोन्ही कॉइल, निदान पंधरा मिनिटं. हे आधी लिहितोय कारण ताक पिठात पडल्या क्षणापासून वायू सुटायला लागतो. तेव्हा ओव्हन तापायची वाट बघत बसलात तर सोड्याचा जोर वाटीतच संपेल. ट्रेवर थोडा मैदा भुरभुरून तोही तयार ठेवा.

परातीत मैदा, मीठ आणि सोडा एकत्र चाळून घ्या. शक्य तर दोनदा. ब्राउन ब्रेड असेल तर कोंडा, जाडं पीठ वगैरे चाळल्यावर मिसळा. मध्ये खळगा करा. ताकातलं साधारण पन्नास मिली मागे ठेवून बाकी सगळं एकदम ओता. पोळीच्या कणकेला आपण पाणी थोडं थोडं घालतो, तसं इथे करू नका. थोडं थोडं घातलं की हात जास्त वेळ चालतो, आणि तेच टाळायचंय.

आता एकच हात. बोटं फाकवून पंजा ताठ ठेवा, जणू हातात मोठा चेंडू धरलाय. मधून सुरू करून बाहेर बाहेर गोल फिरवत न्या. दाबायचं नाही, मुठीत पिळायचं नाही, तळव्याने रेटायचं नाही. पाच-सहा फेऱ्यांत कोरडं पीठ दिसेनासं होतं. कडेला कोरडं राहिलंय असं वाटलं तर मागे ठेवलेलं ताक तिथे शिंपडा. पीठ थालीपिठाच्या पिठाइतकं सैल आणि त्याहून थोडं जास्त चिकट हवं. ओबडधोबड दिसेल, गाठीगाठीचं दिसेल. दिसू द्या.

इथे तुमचा हात ऐकणार नाही. माझा अजूनही ऐकत नाही. गुळगुळीत गोळा झाल्याशिवाय काम पुरं झालंय असं मनाला पटतच नाही. त्या शनिवारी बाईंनी माझं मनगट धरून हात परातीतून बाहेर काढला होता. "झालं," म्हणाल्या. मला वाटलं आता कुठे सुरुवात झालीय.

ओट्यावर मैदा पसरा आणि पीठ त्यावर उलटं करा. हात धुऊन, कोरडे करून त्यावर मैदा चोळा. गोळ्याच्या कडा हलकेच खाली दुमडत एकदा गोल फिरवा, उलटा करा, आणि वरून थोपटून साधारण दीड इंच उंचीची, वीतभर रुंद चकती करा. सगळं मिळून अर्धं मिनिट. उचलून ट्रेवर.

आता फुली. धारदार सुरीवर मैदा लावा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, निम्म्याहून खोल चीर द्या. दुसरी तिला आडवी. नुसती रेघ ओढलीत तर भाजताना ती मिटते. खोल चीर दिली की मधल्या जाड भागापर्यंत आच पोचते आणि भाजल्यावर चार चतकोर हाताने तोडता येतात. मग सुरीच्या टोकाने चारही चतकोरांना एकेक टोचा मारा. ब्रेडमधल्या पऱ्यांना बाहेर जायला वाट म्हणून, असं तिथे सांगतात. पऱ्या आत अडकल्या तर ब्रेडला नजर लावतात म्हणे. बाई हे सांगताना हसल्या, पण टोचे मारायचे विसरल्या नाहीत.

ट्रे लगेच ओव्हनमध्ये, मधल्या किंवा त्याच्या खालच्या खाचेत. ओटीजीत वरची कॉइल फार जवळ असते, तेव्हा वरची खाच टाळा. २३० वर १५ मिनिटं, मग २०० वर उतरवून आणखी २५ ते ३० मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका. नंतर वरून फारच लाल व्हायला लागला तर अल्युमिनियम फॉइलचा तुकडा सैल ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत ब्रेड उलटा करून ठेवलात तर बूडही खरपूस होतं.

झाला का हे कळायला माठ आठवा. बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतो, तसा ब्रेड फडक्यात धरून बुडावर बोटाच्या पेराने ठोकायचा. पोकळ, घुमल्यासारखा आवाज आला तर झाला. थप्प असा बसका आवाज आला तर आणखी पाच मिनिटं. घरात थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ अंश दाखवायला हवं.

जाळीवर गार करा. कवच कडक हवं असेल तर उघडा, मऊ हवं असेल तर सुती फडक्यात गुंडाळून. आणि वीस-पंचवीस मिनिटं तरी थांबा. गरम असताना सुरी घातली की आतला भाग चिकट गोळा होऊन सुरीला लागतो. वासामुळे थांबवत नाही हे खरं. अगदीच राहवत नसेल तर एक चतकोर हाताने तोडा, बाकीच्याला सुरी लावू नका.

ओव्हन नसेल तर

जुन्या आयरिश घरांतही ओव्हन नव्हताच, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. बिडाची जाड कढई किंवा झाकणाचं जाड बुडाचं भांडं घ्या. निम्म्या मापाचं पीठ करून १८३६ च्या त्या कृतीसारखी इंचभर जाडीचीच चकती थापा. खाली जुना तवा ठेवून त्यावर भांडं मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, तळाला मैदा भुरभुरा, चकती ठेवा, झाकण लावा. वीस मिनिटांनी उलथन्याने जपून उलटा आणि आणखी पंधरा ते वीस मिनिटं. झाकणाला पाणी सुटतं, ते मधूनमधून पुसा. आपल्या झाकणावर निखारे नसतात, म्हणून उलटणं आलं. आणि फुलीवाली बाजू जरा चपटी होते, ते सोसायचं. कोरडा प्रेशर कुकर तापवायचा सल्ला मी देणार नाही, कुकरचं नुकसान होतं.

पण ओव्हन नसलेल्यांनी खरं तर फार्लच करावेत. भाकरी थापणाऱ्या हाताला ते लगेच जमतात. २२५ ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, १८० ते २०० मिली ताक. पीठ तसंच, न मळता. बोटाच्या अर्ध्या पेराइतकी जाड चकती थोपटा आणि सुरीने चार त्रिकोण करा. कोरडा बिडाचा तवा मंद तापवा. आच बरोबर आहे का बघायला चिमूटभर मैदा टाका: तो हळूहळू बदामी झाला पाहिजे, लगेच करपला तर आच जास्त. चारही तुकडे थोडे अंतर ठेवून लावा. एका बाजूने सात-आठ मिनिटं, उलटून तितकाच वेळ. मग शेवटी तुकडे कडेवर उभे करून तिन्ही कडा शेका, कारण कडा पांढऱ्या आणि कच्च्या राहतात. उत्तर आयर्लंडमध्ये हेच फार्ल मधून चिरून न्याहारीला अंडी, बेकन आणि सॉसेजबरोबर त्याच पॅनमध्ये परततात. आमच्याकडे ते बटर लावून हाफ फ्रायबरोबर संपतात.

बिघडला तर

आतून दडस, वड्यासारखा घट्ट: जास्त मळलं, किंवा पीठ घट्ट भिजवलं. पुढच्या वेळी दोन चमचे ताक जास्त आणि हात कमी. मध्ये ओला पट्टा राहिला: चीर उथळ होती किंवा चकती जाड होती. बसका झाला: सोडा शिळा, ताक गोड, नाहीतर पीठ भिजवून ठेवून तुम्ही फोन घेतलात. पिवळे ठिपके आणि साबणाची चव ह्यांची कारणं वर आलीच. वर तडे जाऊन वेडावाकडा फुगला तर ती तक्रार नाही, तो असाच दिसतो.

खायचा कसा

जाड काप, त्यावर खारं बटर, आणि बटर किती म्हणाल तर दातांचे ठसे उमटतील इतकं. ब्राउन ब्रेड तिथे सूपबरोबर आणि स्मोक्ड सामनबरोबर देतात, पांढरा जॅम आणि चहाबरोबर. शानगॅरी गावातलं बॅलीमलू हाउस कॉर्क काउंटीतच आहे. मर्टल अ‍ॅलन ह्यांनी १९६४ मध्ये तिथे घरातच रेस्टॉरंट सुरू केलं आणि शेतघरातलं हे साधं जेवण मानाने टेबलावर आणलं. आता पुष्कळ पबांत स्टाउट (काळी बिअर) आणि ट्रीकल (काकवीसारखा दाट पाक) घातलेला काळसर गोड ब्राउन ब्रेड मिळतो. तो एकदा खायला हरकत नाही.

आपल्या घरात मला तो झणझणीत टोमॅटोच्या सारासोबत आवडतो, आणि पावसाळ्यात मुगाच्या कढणाबरोबर. साखर नसल्यामुळे पिठल्याशीही त्याचं भांडण नाही.

हा ब्रेड ज्या दिवशी केला त्याच दिवशीचा. त्यात तेल-तूप काही नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो, मग काप टोस्ट करायचे. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे आणखी लवकर शिळा लागतो. जास्त झाला तर काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि तसेच टोस्टरमध्ये घाला. ब्राउन ब्रेडचा चुरा साखरेबरोबर ओव्हनमध्ये कुरकुरीत करून आइस्क्रीममध्ये घालायची आयरिश पद्धत आहे, ती मुलांना फार आवडते. आणि तिसऱ्या दिवशी जो दीड चतकोर डब्यात उरतो त्याचा आई हाताने चुरा करते आणि मोहरी, कांदा, हिरवी मिरची, हळद घालून फोडणीला टाकते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. बाईंना मी व्हिडिओ कॉलवर ती कढई दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि विचारलं, "पिवळा का झाला? सोडा जास्त पडला का?"